रात्रीचे रडणे

मूल सव्वा महिन्याचे झाले आणि आमच्या घरातून रात्र नाहीशी झाली.

माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी आमच्याकडे भंडाऱ्याला आली होती. गेल्या डिसेंबरच्या आरंभी तिला मुलगा झाला. पहिले काही दिवस तो इतका झोपे की, पाहायला येणाऱ्यांना त्याचे मिटलेले डोळे पाहूनच परत जावे लागे. घरात आत्या, मावश्या, शेजारणी यांचा राबता होता. कोणी शेगडी पेटवी, कोणी डिंकाचे लाडू वळी. सव्वा महिना उलटला, पाहुण्या आपापल्या घरी गेल्या आणि नेमके तेव्हाच बाळाने तोंड उघडले. दिवेलागणीला किरकिर सुरू होई. नऊ-दहाच्या सुमारास तिचे रडण्यात रूपांतर होई आणि मध्यरात्री ते रडणे अशा टिपेला पोचे की, शेजारच्या घरातील दिवे लागत.

अशाच एका रात्री, दोनच्या सुमारास, जावई बाळाला घेऊन पुढच्या खोलीत फेऱ्या घालीत होते. दिवसभर नागपूरला काम करून ते थेट इकडे आले होते. मी माझ्या खोलीत जागाच पडलो होतो. बाळाच्या रडण्यातून अचानक त्यांचा आवाज ऐकू आला, "बस ना आता! किती रडशील?" शब्द साधे होते, कोणत्याही बापाच्या तोंडून ते निघतात. परंतु त्या शब्दांच्या तळाशी दात आवळून धरलेला जो एक स्वर होता, तो मी ओळखला. तो एके काळी माझा स्वर होता. तीस वर्षांहून अधिक काळ मी त्याविषयी कोणाजवळ बोललो नव्हतो.

मी उठून बाहेर गेलो. "द्या इकडे. तुम्ही जरा अंगणात जाऊन या, पाणी प्या," असे म्हणून बाळाला घेतले. जावई काही न बोलता दार उघडून बाहेर गेले. थंडीत ते बराच वेळ उभे होते. परत आले तेव्हा त्यांची मान खाली होती. त्यांना काय वाटत असेल हे मला ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी मुलगी, जावई आणि माझी पत्नी यांना समोर बसवून मी माझी जुनी गोष्ट सांगितली. तीच येथे लिहीत आहे.

मी मूळचा वसईचा. शिक्षकाची नोकरी मिळाली म्हणून १९८९ साली भंडाऱ्याला आलो. पत्नीचे बाळंतपण तिच्या माहेरी वसईला झाले. नोव्हेंबर १९९१ मध्ये मुलगी जन्मली. सव्वा महिना झाल्यावर, जानेवारी १९९२ च्या पहिल्या आठवड्यात, मी त्या दोघींना घेऊन आलो. वरठीच्या भंडारा रोड स्थानकावर पहाटे उतरलो तेव्हा धुके इतके होते की, फलाटाचे दुसरे टोक दिसत नव्हते. वसईला अशी थंडी कोणी पाहिली होती? पत्नीने बाळाला आपल्या पदरात घेतले, पदरावर शाल, शालीवर माझा कोट, आणि आम्ही रिक्षाने गावात आलो.

आमचे बिऱ्हाड एका कोष्टी कुटुंबाच्या घरामागील दोन खोल्यांत होते. पुढच्या पडवीत माग होता. घरात एक वृद्ध बाई होत्या. त्यांना सारी गल्ली आजी म्हणे. मोहाडीकडील आंधळगाव त्यांचे माहेर. कोशाच्या रेशमासाठी ते गाव प्रसिद्ध आहे. तरुणपणी त्यांनीही शिजवलेल्या कोशांचा धागा मांडीवर वळून काढला होता. त्यांची झाडीबोली मला आरंभी कळतच नसे. त्या बोलीत 'ळ' नाही, त्याच्या जागी 'र' येतो. 'ण'च्या जागी 'न'. त्यामुळे पाळण्याला त्या 'पारना' म्हणत. मी मराठीचा शिक्षक, पण त्यांच्यापुढे विद्यार्थी होतो.

भंडाऱ्याला आल्यापासून तिसऱ्या रात्री मुलीचे रडणे सुरू झाले आणि मग ते थांबेना. आम्हाला जे सुचले ते सर्व केले. दूध पाजले, ढेकर काढला, लंगोट बदलला, बेंबीभोवती हिंगाचे पाणी लावले. वसईहून येताना सासूबाईंनी ग्राइप वॉटरची बाटली दिली होती, ती निम्मी झाली. कोणी म्हणाले, दृष्ट लागली. मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. कोणी म्हणाले, आईच्या खाण्यातले वातूळ बाधते. मग पत्नीने डाळ सोडली, बटाटा सोडला, आणि ती आणखी अशक्त झाली. दिवसा डॉक्टरांना दाखवले. त्यांनी तपासून सांगितले, "मूल निरोगी आहे, वजन वाढते आहे." ते ऐकून दिलासा वाटायला हवा होता. मला मात्र राग आला. आजार निघाला असता तर औषध तरी मिळाले असते.

पत्नीकडे पाहण्याची मला सवड नव्हती, हे आज कबूल केले पाहिजे. तिची आई शेकडो मैल दूर होती. येथे तिची भाषा वेगळी म्हणून बाजारात मुली हसत. ती कधी कधी पाजता पाजता रडे आणि मी विचारले तर "काही नाही" म्हणे. बाळंतपणानंतर काही स्त्रियांच्या मनावर मळभ येते, ते आठवडेच्या आठवडे राहू शकते आणि त्यावर उपचार असतात, हे त्या काळी आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हते. मी तिला धीर धरायला सांगत असे. तिच्यापाशी धरायला काय उरले होते, हे मी पाहिले नाही.

दहाव्या की अकराव्या रात्री ते घडले. सकाळी सातची शाळा होती. पत्नी भिंतीकडे तोंड करून पडली होती. दोन तास मी मुलीला घेऊन हिंडत होतो. तिचा चेहरा लालबुंद झाला होता, मुठी आवळलेल्या होत्या, पाय पोटाशी घेतलेले होते. मला असे वाटू लागले की, ती मुद्दाम रडते आहे. हे मूल माझ्याविरुद्ध काही तरी करीत आहे. आज हे वाक्य किती वेडेपणाचे वाटते! त्या रात्री ते मला पूर्ण सत्य वाटले. मी तिला दोन्ही काखांत धरून समोर घेतले आणि जोराने हलवले, एकदा, दोनदा.

ती क्षणभर गप्प झाली. तिचे डोळे विस्फारले होते. आणि मला त्या क्षणभराच्या शांततेने बरे वाटले. पुढे अनेक वर्षे मी माझ्या हातांना दोष देत आलो. हात दमलेले होते, त्यांना एक वेळ क्षमा करता येईल. पण ते बरे वाटणे माझ्या मनातून गेले नाही.

मग ती पुन्हा रडू लागली, आणि त्याच वेळी मागच्या दारावर थाप पडली. दारात आजी होत्या. डोक्यावरून घोंगडी घेतलेली, हातात कंदील. वीज गेलेली नव्हती. अंगण ओलांडताना त्यांना कंदील लागेच. त्यांनी काही पाहिले होते की नाही, मला कधी कळले नाही. त्यांनी कंदील खाली ठेवला आणि हात पुढे केले.

"आना इकडं, मास्तर. तुमी बसा."

आजींनी प्रथम मुलीची कुंची सोडली, दुपटे सोडले. एकेक बोट, एकेक सांधा कंदिलाजवळ नेऊन पाहिला. लहान मुलाच्या बोटाला एखादा केस गुंडाळला जातो, तो करकचतो आणि मूल रडत राहते. कधी कपड्यात मुंगी असते. हे मला त्या रात्री कळले. तसे काही निघाले नाही. मग त्यांनी तिला आपल्या छातीशी उभे धरले, दोघींवर मिळून घोंगडी घेतली आणि त्या अंगणात चालू लागल्या. विहिरीपासून पडवीपर्यंत, पडवीपासून विहिरीपर्यंत. चाल एकसारखी, मध्ये थांबणे नाही, तोंडाने काही म्हणणे नाही. चार-पाच फेऱ्यांनंतर रडणे हुंदक्यांवर आले, आणखी काही फेऱ्यांनंतर हुंदकेही संपले. मी घाईने तिला पाळण्यात ठेवण्यासाठी हात पुढे केले तेव्हा आजींनी मान हलवली. "थांबा. झोप कच्ची हाये." त्या पायरीवर तशाच बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी तिला माझ्या हातात दिले.

मी म्हणालो, "आजी, हिच्या रडण्याने तुमची झोपमोड होते. माफ करा."

त्यावर त्या जे म्हणाल्या ते मी आजतागायत विसरलो नाही. "जीव हाये म्हून रडते, मास्तर. रडते तं रडू द्या. चूप झालं का मंग भेव."

त्या वाक्यामागे काय होते ते दुसऱ्या रात्री कळले. आजींना सासरी कामाचा फार जाच होता. कोसा काढायला बसलेल्या बाईने दर घटकेला पोराकडे उठून जायचे म्हणजे दिवसाचे काम बुडायचे. घरात एका डबीत अफू असे. मोहरीएवढी अफू नखावर घेऊन पोराच्या जिभेला लावायची, की ते दुपारभर झोपे. सगळीकडे देत, म्हणून त्यांच्याही घरी देत. त्यांचा दुसरा मुलगा रात्री फार रडे. एका रात्री सासूने त्याला नेहमीपेक्षा थोडी अधिक अफू दिली. "त्या राती मी लय दिसानं झोपली," आजी म्हणाल्या. सकाळी मूल उठले नाही. त्या पुढे काही बोलल्या नाहीत. मीही विचारले नाही. मात्र त्या रात्रीपासून अंगणातल्या फेऱ्या आम्ही वाटून घेतल्या. पहिला प्रहर माझा, मधला आजींचा. पत्नीला सलग चार तास झोप मिळू लागली. महिना-दीड महिन्यात मुलीचे रडणे आपोआप ओसरले.

आजी पुढे थोड्याच वर्षांनी गेल्या. शिक्षकाचा स्वभाव म्हणून मी मात्र या विषयावर मिळेल ते वाचत राहिलो. वाचताना प्रत्येक वेळी त्या अंगणात परत जात होतो.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ साली एक साधा अभ्यास प्रसिद्ध केला. ऐंशी मातांना त्यांनी बाळाच्या रडण्याची रोजनिशी ठेवायला सांगितली. त्यातून दिसले की, दुसऱ्या आठवड्यापासून रडणे वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत अधिक, म्हणजे दिवसाला सरासरी पावणेतीन तासांपर्यंत पोचते आणि नंतर उतरू लागते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत ते बहुतेक निवळते. रडण्याचा जोर संध्याकाळी व रात्री असतो. निरोगी, भरल्या पोटाची बाळे असे रडतात. पुढे आफ्रिकेतील कालाहारीच्या वाळवंटात राहणाऱ्या, दिवसभर मूल अंगावर वागवणाऱ्या सान लोकांतही हाच चढउतार आढळला. फरक इतकाच की, त्यांच्या मुलांच्या रडण्याचा एकेक वेळ थोडक्यात आटोपे.

हे वाचले तेव्हा मला आपला सव्वा महिना आठवला. बाळंतिणीच्या उशाशी माणसे असण्याचा काळ आपण सव्वा महिन्याचा धरला. शेक, शेगडी, मालिश, लाडू, सर्व त्या मुदतीत. आणि बाळाच्या रडण्याचा कडेलोट नेमका त्याच सुमारास होतो. मदतीचे हात घराबाहेर पडतात त्याच आठवड्यात त्यांची सर्वांत अधिक गरज असते. माझ्या घरी दोनदा हेच झाले, एकदा १९९२ मध्ये आणि एकदा यंदा. परंपरा मोडा असे मी म्हणत नाही. आणखी दोन महिने लांबवा एवढेच म्हणतो.

आजींच्या चालण्याचीही शहानिशा झाली आहे. जपानच्या रिकेन संस्थेतील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले की, आईने बाळाला कडेवर घेऊन चालायला आरंभ केला की, बाळाचे रडणे थांबू लागते, हातपायांची धडपड थांबते आणि हृदयाचे ठोकेही मंदावतात; नुसते घेऊन बसल्याने तसे होत नाही. मांजर किंवा सिंहीण पिलाला मानेला धरून उचलते तेव्हा पिलू अंग सैल सोडते, त्याच जातीची ही प्रतिक्रिया आहे. २०२२ मध्ये त्याच संशोधकांनी पुढचे पाऊल सांगितले. रडणाऱ्या बाळाला घेऊन पाच मिनिटे एकसारखे चालावे; ते झोपले तर लगेच खाली ठेवू नये, पाच ते आठ मिनिटे घेऊन बसावे आणि मग निजवावे. कच्च्या झोपेत अंगापासून दूर झाले की बाळ जागे होते. 'थांबा, झोप कच्ची हाये' हे वाक्य मला तेथे परक्या भाषेत पुन्हा भेटले.

प्रत्येक रडणे मात्र असे निरुपद्रवी नसते. ताप असेल, बाळ अंगावर ओढत नसेल, हिरवी उलटी होत असेल, शौचातून रक्त जात असेल, टाळू वर आलेली असेल, जांघेत गाठ दिसत असेल किंवा रडण्याचा सूरच नेहमीपेक्षा वेगळा, किंचाळल्यासारखा असेल, तर चालत बसू नये. रात्र असली तरी डॉक्टरांकडे जावे. आणि बाळघुटी, जायफळाचे वेढे, मध, ओव्याची धुरी यांविषयी आजचे डॉक्टर स्पष्ट बोलतात. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही नको, आणि कोवळ्या फुप्फुसांना धूर तर मुळीच नको.

या वाचनात मला सर्वांत अधिक अस्वस्थ केले ते रडणे बंद करण्याच्या इतिहासाने. आजींच्या घरातील डबी एकाकी नव्हती. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया पाळीवर जाण्यापूर्वी मुलांना 'बाळगोळी' देत असत. त्या गोळीत अफू असे. त्याविषयी सरकारी चौकशीही झाली होती. इंग्लंडच्या कारखानदारीच्या युगात 'गॉडफ्रेज कॉर्डिअल' नावाचे अफूमिश्रित पेय घरोघर होते. अमेरिकेत 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' हे औषध एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विकले जाई. त्यात मॉर्फिन असे. १९११ साली तेथील वैद्यकीय संघटनेने त्याला बालघातकांच्या यादीत बसवले. त्या आया दुष्ट नव्हत्या. पोटासाठी त्यांना कामावर जावे लागे आणि मूल घ्यायला दुसरे हात नव्हते. जेथे हात कमी पडतात तेथे बाटली येते.

आणि जेथे बाटलीही नसते तेथे माझ्यासारखा एखादा बाप असतो. १९७१ साली इंग्लंडचे मेंदूशल्यविशारद नॉर्मन गुथकेल्च यांनी लिहून ठेवले की, तान्ह्या मुलाला जोराने हलवल्यास, बाहेर जखम न दिसताही, मेंदूवरील शिरा फाटून आत रक्तस्राव होऊ शकतो. डोके जड, मान कच्ची. मी हे वाचले तेव्हा माझी मुलगी महाविद्यालयात जात होती. ते पान मिटून मी तिच्या खोलीच्या दाराशी गेलो. ती अभ्यास करीत होती. "काय पप्पा?" तिने विचारले. मी म्हणालो, "काही नाही." मूल हलवल्यावर गप्प होते ते समजून गप्प होत नाही, दुखापतीनेही गप्प होऊ शकते. माझ्या मुलीला काही झाले नाही, यात माझे शहाणपण अजिबात नाही.

आमच्या जिल्ह्याच्या दक्षिणेस काही अंतरावर गडचिरोली जिल्हा आहे. तेथे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात ३९ खेड्यांत एक प्रयोग केला. गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवले. तीन वर्षांत तेथील नवजात बालकांचा मृत्युदर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो अहवाल प्रसिद्ध झाला. बाळाच्या अंगात जंतुदोष पसरतो आहे हे ओळखण्यासाठी त्या आरोग्यदूतांना सात खुणा शिकवल्या होत्या. त्यांतील एक खूण अशी आहे: आधी नीट रडणाऱ्या बाळाचे रडणे क्षीण होणे किंवा थांबणे.

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. ज्या रडण्याचा आपण रात्ररात्र वैताग करतो, ते तेथील डॉक्टर बाळाच्या प्रकृतीचे प्रमाणपत्र मानतात; त्यांना चिंता वाटते ती रडणे थांबल्यावर. चूप झालं का मंग भेव. आजींना हे कोणी शिकवले नव्हते. त्यांनी त्याची किंमत मोजली होती.

भंडाऱ्यात राहणाऱ्या माणसाला बाळाच्या रडण्याविषयी लिहिताना आणखी एका रात्रीजवळ थांबावेच लागते. ९ जानेवारी २०२१, शनिवार. उत्तररात्री दीड-दोनच्या सुमारास आमच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागली. आत सतरा बालके होती. सात वाचली. दहा गेली, त्यांतील बहुतेक धुराने गुदमरून. कमी वजनाची, आजारी म्हणून दूरदूरच्या खेड्यांतून आणलेली ती मुले होती. सकाळी दूध आणायला निघालो तेव्हा मला हे कळले. रस्त्यात माणसे घोळक्याने उभी होती आणि कोणी मोठ्याने बोलत नव्हते. त्या वेळी चौकशी झाली, दोष कोणाचा याची चर्चा झाली. ती येथे उगाळण्याचे मला कारण नाही. माझ्या मनात त्या दिवसापासून एकच विचार ठाण मांडून बसला आहे. ती मुले रडली असतील. ती रडण्याची वेळच होती. आणि अशा कक्षांत जंतूंच्या भीतीने आयांना बहुधा बाहेर ठेवतात, पाजण्यापुरते आत बोलावतात. त्या रात्री त्या आया कोठे तरी त्याच आवारात पडल्या असतील, छाती दुधाने भरून आलेली, कान भिंतीकडे लावून. आई झोपेतही रडणे ओळखते. पण ऐकू येण्याइतके जवळ असावे लागते.

त्याच वर्षी मे महिन्यात एक आशादायक निष्कर्ष प्रसिद्ध झाला, म्हणून तो येथे सांगतो. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी, उबपेट्या कमी आणि बाळे अधिक म्हणून, कमी दिवसांची बाळे आयांच्या उघड्या छातीशी बांधायला आरंभ केला. तिला 'कांगारू पद्धत' म्हणतात. पुढे बाळ स्थिर झाल्यावरच ती वापरीत. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत प्रयोग करून पाहिले की, जन्मल्याबरोबर, अतिदक्षता कक्षातसुद्धा, आईला बाळाजवळ खाट दिली आणि बाळ तिच्या छातीशी ठेवले तर काय होते. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय त्यात होते. अशा बाळांतील मृत्यू पंचवीस टक्क्यांनी कमी झाले. ज्या आयांना आपण जंतूंच्या भीतीने दाराबाहेर बसवत होतो, त्याच बाळांचे औषध होत्या. आईसाठी खाट असलेले असे कक्ष देशात काही ठिकाणी उभे राहिले आहेत. प्रत्येक जिल्ह्यात ते व्हावेत. भंडाऱ्याइतका त्यावर कोणाचा हक्क असेल?

हे सर्व मी त्या दुपारी घरात सांगितले. मुलीने ऐकून घेतले. मी तिला हलवले होते, हे तिला प्रथमच कळत होते. तिने मांडीवरच्या बाळाकडे पाहिले, मग माझ्याकडे. "पप्पा, काल मलाही तसेच वाटले होते. मी त्याला खाली ठेवले आणि मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले." मी म्हणालो, "तेच योग्य केलेस. राग चढला की बाळाला पाळण्यात उताणे ठेवायचे, दार लोटायचे, दहा मिनिटे बाहेर उभे राहायचे. दहा मिनिटे रडल्याने मुलाला काही होत नाही. आणि दुसऱ्याला हाक मारायची. हाक मारायला लाजायचे नाही." जावई काही बोलले नाहीत, त्यांनी वही काढून रात्रीचे तीन भाग आखले.

माझी पत्नी इतका वेळ गहू निवडीत होती. सर्व उठून गेल्यावर ती म्हणाली, "त्या रात्री मी जागी होते."

मला काय बोलावे कळेना.

"मी सर्व पाहिले. मला उठवत नव्हते. तुम्ही तिला काही कराल असे वाटले, तरी मला उठवत नव्हते. इतकी वर्षे मला वाटते आहे की, दोष माझा."

तेहतीस-चौतीस वर्षे एका घरात राहून आम्ही दोघे एकाच रात्रीचे ओझे वेगवेगळे वाहत होतो. मुलीचे रडणे सगळ्या गल्लीला ऐकू गेले होते. आमचे मात्र एकमेकांनाही ऐकू आले नाही. मी तिच्या हातातले सूप बाजूला ठेवले. बराच वेळ आम्ही तसेच बसलो.

त्या रात्री बाळ पुन्हा रडले. पहिला प्रहर माझा होता. दुपट्यात गुंडाळून, छातीशी धरून मी अंगणात आलो. आजींची विहीर व पडवी आता नाही. आमचे घर दुसऱ्या वस्तीत आहे. फाटकापासून तुळशीकट्ट्यापर्यंत बावीस पावले होतात. तितकी जाऊन मी परतत होतो. खिडकीतून पत्नीने विचारले, "दमलात का? मी येऊ?"

"ये," मी म्हणालो.